लेखनपेटी आणि पासोडी

जपानी लेखनपेट्यांवरच्या पुस्तकाला प्रस्तावना बीड जिल्ह्यातून कशी काय, असा प्रश्न वाचकाला पडेल. पडायलाही हवा. त्याचे उत्तर अंबाजोगाईत आहे. तिथे संतकवी दासोपंतांनी एका जाड्याभरड्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढले, आणि ती पासोडी गावाने आजवर जपली. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी ४ फुटांच्या आसपास. नऊवारी लुगडे अंथरले तर २७ फूट भरते, म्हणजे पासोडी त्याच्या दीडपट. दासोपंतांचा जन्म शके १४७३चा, म्हणजे इसवी सन १५५१चा. समाधी शके १५३७ची. क्योतोचा होनामी कोएत्सू १५५८ साली जन्मला आणि १६३७ साली वारला. तलवारी पारखण्या-घासण्याचा घराण्याचा धंदा सांभाळून तो अक्षरही उत्तम काढी आणि लेखनपेट्याही घडवून घेई. दोघे एकाच काळातले. एकाने कापडावर अख्खे प्रकरण उतरवले. दुसऱ्याने पेटीच्या झाकणावर एक कविता घेतली आणि तिच्यातला नेमका मोक्याचा शब्द गाळला. ही पेट्यांची चित्रे पाहताना मला सारखी आठवत राहिली ती पासोडी.

आधी पेटीत काय असते ते सांगतो. जपानीत तिला सुझुरीबाको म्हणतात. आत एक सपाट दगड बसवलेला असतो, एका टोकाला खोलगट. शेजारी पाण्याची बोटभर झारी, शाईची कडक वडी, एकदोन कुंचले, कधी लहान चाकू. लिहायला बसले की झारीतून दगडावर चार थेंब पाणी घ्यायचे, त्यात वडी घासायची, आणि काजळी पुरेशी उतरली की कुंचला बुडवायचा. दर बैठकीला शाई नव्याने होते. आपल्याकडे दऊत भरून ठेवली की काम पुढे चालू. तिथे घासण्याचा तेवढा वेळ टाळता येत नाही, आणि तेवढा वेळ उघडे झाकण माणसासमोर असते. झाकणाच्या आतल्या बाजूलाही नक्षी का, हा प्रश्न मग उरत नाही.

या पेट्यांना आपण सवयीने लाखकाम म्हणतो. आपली लाख झाडावर पोसणाऱ्या किड्याची. ती तापवून, कातावर फिरत्या लाकडावर घासून चढवतात. जपानची उरुशी हा झाडाचा चीक. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाले की सालीवर चिरा पाडून तो गोळा करतात. एका झाडाचा हंगामभराचा चीक साधारण २०० ग्रॅम, आणि मग बहुधा ते झाड तोडतात. लाकडावर पातळ हात, तो सुकू द्यायचा, कोळशाने घासायचा, पुन्हा हात, असे थर चढत जातात. वरचा थर ओला असतानाच त्यावर सोन्याचा चुरा भुरभुरतात. त्या तंत्राला माकि-ए म्हणतात.

इथे मला बिब्बा घालावाच लागतो. उरुशीचे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातले. कच्ची उरुशी अंगाला लागली की बिब्बा उततो तशीच उतते, कारण दोन्हींतली दाहक द्रव्ये रसायनाच्या दृष्टीने जवळची भावंडे आहेत. आपल्याकडे परीट बिब्ब्यानेच कपड्यांवर खूण करत; वर चुना लावला की डाग असा पक्का होई की कपडा विरला तरी खूण राही. म्हणजे न जाणारा काळा रंग या कुळाने आपल्यालाही दिला होता. आपण तो धुण्यावर घातला, त्यांनी पेटीवर. मात्र त्यांची कारागिरी बीडला आणायचा विचार कोणी करत असेल तर एक अडचण आहे. उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही. ती घट्ट व्हायला दमट हवा लागते, म्हणून कारागीर हात दिलेली वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. आमच्या चैत्र-वैशाखात ती चिकटची चिकटच राहील.

आता तीन पेट्या, कारण साहित्य पेटीवर कसे येते ते या तिघींत पुरते कळते. बाकीच्या पुढच्या पानांवर भेटतीलच.

पहिली ओगाता कोरिनची. कोरिन १६५८ ते १७१६ या काळातला. त्याची पेटी दोन मजली आहे: वर दगड आणि कुंचले, खाली कागद. उंची १४ सेंटीमीटरच्या आसपास, लांबी २७. काळ्या उरुशीवर चारी बाजूंनी आणि झाकणावरून आयरिसची फुले आणि मधून वाकडातिकडा जाणारा फळ्यांचा पूल. फुले शिंपल्याची, पाने सोन्याची, पुलाच्या फळ्या शिशाच्या. शिसे हा मुद्दाम निवडलेला धातू. झगमगत्या सोन्याशेजारी तो मळका, जुन्या लाकडासारखा दिसतो. पूल एका बाजूवरून चढतो, झाकण ओलांडतो आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरतो, त्यामुळे पेटी हातात फिरवल्याशिवाय तो पुरा दिसत नाही. माणूस कुठेच नाही. पण जपानी वाचकाला पूल आणि फुले पाहताच ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या कथाग्रंथातला नववा प्रसंग आठवतो. राजधानी सोडून निघालेला सरदार मिकावा प्रांतात यात्सुहाशी या ठिकाणी थांबतो. तिथे प्रवाह अनेक फाट्यांत वाहतो, आणि त्यांवर आठ पूल आहेत. काठाला आयरिस फुललेले. सोबतचे त्याला म्हणतात, फुलाच्या नावातले एकेक अक्षर प्रत्येक चरणाच्या आरंभी येईल अशी कविता कर. तो करतो, आणि घरी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने सगळ्यांचे डोळे भरतात. कोरिनने यातले काय घेतले? सरदार नाही, सोबती नाहीत, कविता नाही, रडणे नाही. फक्त जागा घेतली. ती पेटी उघडून कागद काढणाऱ्याने त्या जागी स्वतः उभे राहायचे, अशी ही योजना आहे.

दुसरी कोएत्सूची. तिचे झाकण इतके फुगीर की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते बेढब वाटते. मलाही ते फार देखणे वाटत नाही, धीट वाटते. सगळीकडे सोने, त्यावर सोन्याच्याच होड्या एकीला एक लावून उभ्या, आणि आडवा शिशाचा रुंद पट्टा. वर चांदीची अक्षरे विखुरलेली आहेत. कविता ‘गोसेन वाकाशू’ या दहाव्या शतकातल्या संग्रहातली, मिनामोतो नो हितोशीची. होड्यांच्या पुलाचा आणि मनात धरून ठेवलेल्या प्रेमाचा तिच्यात संबंध आहे. पण अक्षरे वाचत गेले की मध्येच एक शब्द सापडत नाही. होड्यांचा पूल हाच तो शब्द. तो लिहिलेला नाही, कारण शिशाचा पट्टा आणि होड्या मिळून तो समोर आडवा पडलेला आहे. ज्याला कविता पाठ नाही त्याला ही पेटी म्हणजे नुसते सोने. पाठ असलेल्याला मात्र वाचता वाचता डोळा अक्षरावरून चित्रावर न्यावा लागतो आणि परत अक्षरावर यावे लागते.

तिसरी पेटी एकटी नाही. ती लग्नाच्या रुखवतातली आहे. तोकुगावा इएमित्सू या शोगुनची मुलगी चियोहिमे १६३९ साली ओवारीच्या तोकुगावा घराण्यात दिली. तिच्यासाठी कोआमी नागाशिगे या कारागिराने जे सामान घडवले, त्यावर ‘गेंजी मोनोगातारी’च्या तेविसाव्या प्रकरणातले, वर्षारंभीच्या पक्ष्याच्या पहिल्या हाकेचे प्रसंग आहेत, आणि त्या प्रकरणातल्या कवितेची अक्षरे झाडांत, खडकांत लपवलेली आहेत. दिवस मावळेपर्यंत पाहिले तरी पुरे वाटू नये, अशा अर्थाचे नावच लोकांनी त्या सामानाला दिले. आज ते नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. हे सारे ज्या नवरीसाठी होते ती तेव्हा दोन वर्षांची होती. तिला लेखनपेटी दिली ती लिहिण्यासाठी नव्हेच. आपले घर कोणते साहित्य जाणते, हे सासरच्या लोकांना दिसावे यासाठी दिली. ‘गेंजी’ मुरासाकी शिकिबूने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिली. सहाशे वर्षांनी तिचे प्रकरण रुखवतात मिरवले जात होते. ज्ञानेश्वरीतला एखादा प्रसंग कोणा देशमुखांनी लेकीच्या रुखवतातल्या दऊतीवर कोरवून घेतला, अशी कल्पना करून पाहा. अवघड जाते.

का अवघड जाते? आपल्याकडे कारागीर नव्हते म्हणून नव्हे. बिदर फार लांब नाही. तिथली बिदरी कलमदाने जगभरच्या संग्रहालयांत आहेत: जस्ताच्या मिश्रधातूत चांदीच्या तारा आणि पत्रे ठोकून बसवायचे, मग किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून त्यात वस्तू घोळायची. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी तशीच पांढरी राहते. काळ्यावर चांदी, म्हणजे कोरिनच्या काळ्यावर शिंपल्याइतकेच देखणे काम. पण त्यावर वेली येतात, फुले येतात, जाळीची नक्षी येते. कथा येत नाही. कथा आली ती सावंतवाडीत, आणि तीही लेखनाच्या वस्तूंवर नाही, खेळायच्या पत्त्यांवर. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने. चिंचोक्याच्या खळीवर रंग आणि वर लाख. पुराण आपण खेळायला घेतले, लिहायच्या पेटीवर मात्र ठेवले नाही.

याचे कारण मला दासबोधात सापडते. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थ मूळचे जांबचे, गोदावरीच्या पलीकडच्या काठाचे. म्हणजे आमच्या शेजारचेच. या समासात ते कारखानदाराच्या बारकाईने बोलतात. बोरू कुठकुठले आणावेत, कसे तासावेत, हिंगूळ जवळ ठेवावा, आळिता पाहून घ्यावा, शाई करून साठवावी. आळिता म्हणजे लाखेच्या लाल रंगात भिजवलेला कापूस. पाहा, लाख आपल्या लेखनात आली ती लेप म्हणून नव्हे, रंग म्हणून. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही, असेही ते बजावतात. पहिल्या ओळीचे वळण शेवटच्या ओळीपर्यंत टिकावे. कागदाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. हा सल्ला तर मला फार आवडतो. ज्याने वाळवी आणि पावसाळा पाहिला आहे त्यालाच तो सुचेल. आणि सामानाच्या या यादीत पेट्याही आहेत, कुलुपेही आहेत, बासने आणि मेणकापडही आहे. पण ते सगळे पुस्तकासाठी. पेटीत ठेवायची ती पोथी. बोरू झिजायचा, पुन्हा तासायचा, आखूड झाला की टाकायचा.

पूजा मात्र आपण पोथी आणि लेखणी दोन्हींची केली. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची, दिवाळीत वह्यांना आणि दऊतीला हळदकुंकू वाहायचे. एक दिवस फुले वाहिली की उरलेले वर्ष लेखणी कामाला मोकळी. ज्याला नमस्कार केला त्याला नटवायची गरज आपल्याला वाटली नसावी.

दासोपंतांना लेखणी वारशाने मिळाली होती, पण पोथीसाठी नव्हे. वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे. देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब. त्या घरात दऊत-बोरू चालायचा तो वसुलाच्या कागदांवर. चरित्रकथा सांगते की दुष्काळात वसूल भरता आला नाही, बिदरच्या बादशहाने मुलाला ओलीस ठेवले, महिन्याची मुदत दिली, आणि पैसे न आल्यास धर्म बदलावा लागेल असे फर्मावले. मुदतीच्या शेवटी दत्ताजी पाडेवार नावाच्या कोणी एकाने येऊन रक्कम भरली आणि तो दिसेनासा झाला. तो दत्तप्रभूच, अशी संप्रदायाची श्रद्धा. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या परीने घ्यावा. मला तिच्यातला दुष्काळ आणि न भरलेला वसूल अगदी ओळखीचा वाटतो. पुढे दासोपंतांनी घर आणि देशपांडेपण सोडले, लेखणी मात्र सोडली नाही. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, असे अंबाजोगाईत अजून सांगतात. कोएत्सूच्या पेटीतला दगड डोळ्यापुढे आणा: चार थेंबांची शाई, एका कवितेपुरती. आणि इकडे तिळाच्या तेलाचे काजळ, बाभळीचा डिंक, खलात तासन्‌तास घोटणे, आणि संध्याकाळी दऊत कोरडी.

मग पासोडी. कागद मिळत नव्हता म्हणून कापड घेतले, असे कोणी म्हणेल, पण ते मला पटत नाही. दौलताबादेजवळ कागद होत होता, आणि दासोपंतांचे बाकीचे लेखन पोथ्यांतच आहे. कापड घेतले ते विषयासाठी. पंचीकरण हा विषयच हिशेबाचा आहे. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच भूते. प्रत्येकाचे दोन अर्धे करायचे. एक अर्धा आपल्यापाशी ठेवायचा, दुसऱ्याचे चार भाग करून उरलेल्या चौघांना वाटायचे. म्हणजे दिसणाऱ्या पृथ्वीत पृथ्वी निम्मीच. बाकी चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. हे वाटप पाच वेळा होते आणि त्यातून देहातली पंचवीस तत्त्वे मांडली जातात: हाडे-मांस पृथ्वीकडे, रक्त-लाळ पाण्याकडे, भूक-तहान तेजाकडे, अशी. पोथीचे पान उलटले की मागची रांग डोळ्याआड जाते. अंथरलेल्या कापडावर सगळे खातेदार एकाच वेळी समोर असतात. देशपांड्यांच्या घरातल्या मुलाला हे सुचणे अगदी साहजिक वाटते. फक्त वसुलाच्या जागी त्याने ब्रह्मांड मांडले.

कापडावर लिहिणे सोपे नसते. सूत शाई पिते आणि अक्षर फुटते. म्हणून कापडाला आधी खळ द्यावी लागते, वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटावी लागते, तेव्हा कुठे बोरू अडखळत नाही. चाळीस फूट घोटायचे म्हणजे कोणा एकट्याचे काम नव्हे. माणसे लागली असणार. आणि वाचतानाही माणसे लागतात. मांडीवर घेऊन वाचायची ही वस्तू नाही. ती उलगडायला दोन जण, धरायला दोन जण, आणि बाकीच्यांनी कडेने बसायचे.

कोएत्सूने शब्द गाळला कारण समोरच्याला तो पाठ होता. दासोपंतांनी काहीच गाळले नाही, कारण समोर बसलेल्यांना संस्कृत येत नव्हते आणि बहुतेकांना वाचताही येत नसावे. त्यांच्यासाठी कोणीतरी मोठ्याने वाचणार होते. दासोपंतांच्याही चारशे वर्षे आधी याच अंबाजोगाईच्या परिसरात मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ लिहिला, शके १११०ला, असे परंपरा मानते. (नागपूर जिल्ह्यातल्या अंभोऱ्याचाही त्यावर हक्क सांगितला जातो, आम्ही अंबाजोगाईकर या वादात अर्थातच निःपक्षपाती नाही.) वेदान्त मराठीत सांगायचा तो पुरता सांगायचा, सूचना करून सोडायचा नाही, ही सवय या गावाला तेव्हापासूनची. क्योतोच्या दरबारी वाचकाला अर्धे सांगणे हा त्याचा मान होता. इथल्या श्रोत्याला अर्धे सांगितले असते तर ती फसवणूक झाली असती.

म्हणून जपानी पेट्या पाहताना ‘आपल्याकडे असे काही नाही’ ही चुटपुट लावून घेऊ नये, आणि ‘आपल्याकडे साधेपणा होता’ म्हणून छातीही फुगवू नये. बिदरी कलमदान कमरेला खोचणारा कारकून काही साधेपणाचा व्रती नव्हता. पाहायचे असेल तर प्रत्येक पेटीवर काय गाळले आहे ते आधी पाहावे. ‘गेंजी’तला प्रसंग असूनही तिचा नायक गेंजी नसतो. दोन पंखे, एक रिकामी गाडी, कुंपणाबाहेरचे एक फूल, एवढ्यावर प्रकरण ओळखायचे असते. चित्रांखालच्या टिपा आधी वाचू नका. गोष्ट ठाऊक नसलेल्यालाही नुसत्या वस्तूंवरून पाच मिनिटे तर्क करता येतो, आणि या पेट्या त्या तर्कासाठीच केल्या आहेत.

या पुस्तकात पासोडीचे चित्र मात्र नाही, त्याचे कारण सांगायला हवे. कोरिनची पेटी २७ सेंटीमीटरची; छापील पानावर ती जवळजवळ मूळ आकारात येते आणि शिंपल्याच्या कडासुद्धा दिसतात. ४० फूट कापड त्याच पानाच्या रुंदीत बसवायचे तर ते साठपट आक्रसते, आणि उरतो तो करड्या रंगाचा पट्टा, अक्षर नाही. तुकडे करून छापले तर एकत्र मांडण्यासाठी केलेली मांडणीच मोडते. तेव्हा ज्याला पासोडीविषयी कुतूहल आहे त्याने अंबाजोगाईलाच यावे. शक्यतो मार्गशीर्षात: योगेश्वरीचा उत्सव पौर्णिमेपर्यंत चालतो, त्याच पौर्णिमेला दत्तजयंती, ऊन सोसवण्यासारखे असते, आणि दासोपंतांची समाधी पाहून मुकुंदराजांच्या समाधीला दरीत उतरायला दिवस पुरतो.